माशी न बसलेली सुरमई

बंदरावर बर्फात ठेवलेली सुरमई पाहिली. धरून आठवडा झाला, तरी वास नाही. तिच्यावर माशीसुद्धा बसत नव्हती. लेक म्हणाला, "बाबा, बर्फात अँटिबायोटिक औषध घालतात. जंतू मरतात." मेलेल्यानं कुजू नये, हे मला नाही पटत.

त्याच जातीचं औषध डॉक्टर आता माझ्या बायकोला देऊन बघतायत. डोक्यातलं प्रोटीन वाकडं दुमडतं, त्यानं तिला विसर पडतो म्हणे; हे औषध ते दुमडणं थांबवेल, अशी डॉक्टरांना आशा. गुण येईलच, असं तेही सांगत नाहीत. तिचा चेहरा अजून ताजा आहे, पण आत कोण आहे ते कळत नाही. तिनं एकदा मला ओळखावं, म्हणून गोळी मीच भरवतो, दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही.

काल गोळी गिळून ती हळूच म्हणाली, "दादा, अंधार पडायच्या आत घरी जा. बायको वाट बघत असेल तुझी."