चितळाचं उघडं टोक

परवा मुलीचा लॅब कोट धुवायला घेतला, फॉर्मलिनचा वास आला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो तेव्हाचा चितळ आठवला. काशीमिऱ्याजवळ गाडीखाली मेलेला. वाढत्या शिंगांवर अजून मखमलीसारखी लव होती. वनखात्याने त्याची शिंगांसकट कवटी टिकवायला आमच्याकडे दिली होती. लवेखाली रक्त खेळतं, म्हणून शिंगांच्या प्रत्येक टोकात सुईने फॉर्मलिन भरावं लागतं. मी पाच टोकं भरली आणि मीरा रोडची बस चुकेल म्हणून सहावं सोडलं. "सगळी झाली ना रे?" माझ्याबरोबरच्या वयस्कर काकांनी विचारलं. "झाली काका." आठवड्याने ते टोक सडलं, लव सुटून हातात आली. प्रयोगशाळेचे सर भडकले तेव्हा काका म्हणाले, "मला दिसत नाय हो आता, तपासताना माझ्याकडूनच राहिलं असेल." मी सुया धुवायला घेतल्या. दुपारी डबा उघडला आणि परत बंद केला. तसाच उठून सरांकडे गेलो. "काका नाही सर, मी. खोटं बोललो." सर म्हणाले, "वरून मखमलीचा तुकडा चिकटव, कळणार नाही कुणाला." मी नाही म्हणालो. कॉलेजच्या कपाटातल्या त्या कवटीचं ते टोक आजही उघडंच आहे.