मी परस्पर दिलेला नकार

गेल्या रविवारी दुपारी पोलादपूरच्या घरी नातीबरोबर तिची आवडती मालिका पाहत होतो. एका हाताने पूल तोलून धरणारा, आकाशात उडणारा नायक आणि त्याचं लग्न मोडायला निघालेला मुलीचा बाप. "तिलाच तू नको आहेस," बापाने सांगितलं आणि तो उडणारा नायक मान खाली घालून चालत गेला.

"खोटारडा म्हातारा!" नात ओरडली. "आत्या, याला एक ठोसा हवा!"

माझी मुलगी शेजारी बिरड्यासाठी वाल सोलत होती. ती हसली. "काळजी असते गो बापाला."

मला बसवेना. तीस वर्षांपूर्वी माझ्याच शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने तिला मागणी घातली होती. तो बौद्धवाडीतला. गावकी आम्हाला वाळीत टाकेल, या भीतीने मी त्याला सांगितलं की मुलीचाच नकार आहे. तिला सांगितलं, त्याने विचार बदलला. त्याने बदली मागून घेतली. तिने पुढे लग्नच केलं नाही.

नात खेळायला गेल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं. ती रडेल, ओरडेल, असं वाटलं होतं. तिचा हात वालाच्या ताटात तसाच थांबला.

"म्हणजे इतकी वर्षं त्यांना वाटतंय, मीच नाही म्हटलं?"

"हो."

"माझं राहू द्या, बाबा. आधी त्यांना कळवा."

तो आता महाडला राहतो. संध्याकाळी पत्र लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली: तिने तुम्हाला होकार दिला होता.