भाचीचं न्हाण, आत्याचं स्टेटस

भाची दहा वर्षांची, पाचवीत. आमच्या वेळी आठवी-नववीत यायची ती पाळी तिला त्या शनिवारी आली, आणि सिन्नरला बहिणीच्या घरी लग्नघर उभं राहिलं. मखर, हिरवी साडी, ओटी, पाच सवाष्णी. भाचीच्या आत्याने फोटो थेट स्टेटसवर लावला: 'आमची लेक शहाणी झाली.' मी शहाणीने नाशिकहून लगेच उत्तरात गुलाबाचे पाच इमोजी पाठवले.

तासाभरात भाचीचा फोन. "मावशी, तूसुद्धा? आत्याने तुझे गुलाब दाखवले मला. मी सोमवारी शाळेत जाणार नाही. कधीच नाही."

आत्या बहिणीच्याच घरात राहते, शाळेचे गणवेश शिवते. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया तिच्या फोनमध्ये! माझे गुलाब मलाच टोचले. रविवारी सकाळची पहिली बस पकडली.

आत्या मशीनवर बसली होती, गळ्यात टेप.

"ताई, तो फोटो काढून टाका."

"का बरं? चांगली गोष्ट हाय. तुम्ही शहरातलेच म्हणता ना, पाळीची लाज नको?"

"अगदी पटलं." मी मोबाईल उगारला. "जरा हसा. तुमचाही एक लावते. खाली लिहिते, आमच्या ताईंची पाळी गेली हो, अभिनंदन करा!"

"अगं बया!" आत्याने शिवायला घेतलेला स्कर्ट तोंडावर धरला. "येड लागलं का? अख्खं सिन्नर बघंल!"

"चांगली गोष्ट हाय की."

आतल्या खोलीतून भाची खुदकन हसली. आदल्या दिवसापासूनचं पहिलं हसू. आत्याने ते ऐकलं, फोटो डिलीट केला आणि दाराशी जाऊन म्हणाली, "पोरी, तुला विचारायला पाहिजे होतं मी."

पण ज्यांनी पाहिला होता त्यांनी पाहिलाच होता. मी मुक्काम ठोकला. दुपारभर आम्ही दोघी आरशासमोर उभ्या. मी वर्गातल्या भोचक पोरी झाले, एकेक आवाज काढून, आणि ती उत्तरं देत राहिली. आधी रडत, मग चिडत, शेवटी मलाच गप्प करत.

सोमवारी तिच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेले. दप्तर सावरत एक मुलगी पुढे आली. "तुझा फोटो पाहिला मी आईच्या फोनवर. खरंच आली का गं तुला?"

भाचीने मान ताठ केली. "हो, आली. मग?"

ती मुलगी इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "दुखतं का?"

भाचीने तिचा हात धरला आणि मागे वळूनही न बघता आत गेली.