किल्लीच्या आधी

गाडीच्या इंजिनाचा जुना टायमिंग बेल्ट काढून मी पार्किंगमधल्या खिळ्याला अडकवला. वरून धडधाकट वाटत होता, पण उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या. शेजारचे काका चहाचा कप घेऊन खाली आले.

"अगं, सर्व्हिस सेंटरला द्यायचीस. बिघडली तर बोलणार कोणाला?"

"आरशात बघून बोलेन, काका."

नवा बेल्ट चढवून इंजिनाच्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवल्या होत्या. एक दात जरी चुकला असता, तरी किल्ली फिरवताच इंजिन आतल्या आत मोडलं असतं. म्हणून आधी पान्याने ते हातानेच सावकाश दोन फेरे फिरवलं. इतकी वर्षं ही गाडी मला घेऊन हिंडली, पण तिचा जोर मनगटाला आज कळला. गाडी दुसऱ्याकडे सोपवली की ती ठीक असल्याचं आपल्याला सांगितलं जातं आणि आपण मान डोलावतो. इथे सांगणारं कुणी नव्हतं. पाना कुठेही अडला नाही, खुणा पुन्हा समोरासमोर आल्या.

किल्ली मी काकांच्या हातात दिली. "तुम्हीच सुरू करा, मी हात धुऊन येते."

मागे इंजिन सुरू झालं, तेव्हा मी नळाजवळ साबण शोधत होते.