सात तारखेचे शंभर रुपये

बीडला आमच्या कचेरीत पगार हातात मिळायचा, तो एका वर्षी बंद झाला आणि बँकेत जमा व्हायला लागला. त्या निमित्तानं मला एटीएमचं कार्ड मिळालं. शहरात तेव्हा अशी मशीनं बोटावर मोजण्याइतकी होती. बँकेतल्या काउंटरवरच्या मॅडमनी माझ्यापुढं फॉर्म ठेवले, पेन्सिलनं फुल्या मारून दिल्या, "इथं, इथं आणि इथं," म्हणाल्या, आणि मी सह्या केल्या. त्या माझ्याच वयाच्या होत्या, हसून बोलायच्या. माझ्या मुलीचं नावसुद्धा त्यांनी विचारलं होतं.

कार्ड माझं असलं तरी मशीनकडं जायचे आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. युसूफ वडगावला त्यांचं चाळीस वर्षं किराणा दुकान होतं. आई गेली, मला भाऊ नाही, दुकान विकलं, आणि ते माझ्याकडं बीडला राहायला आले. लेकीच्या घरी राहणं त्यांना जड जायचं. बोलून दाखवायचे नाहीत, पण भाजी आणायची, मुलीला शाळेत सोडायचं, दळण आणायचं, अशी कामं ते कुणी सांगायच्या आत करून मोकळे व्हायचे. माझे मालक, म्हणजे मुलीचे वडील, कड्याच्या साखर कारखान्यात होते. कारखाना सुरू झाला की ते तिकडंच राहायचे, आठवड्याच्या सुटीला यायचे. त्यामुळं घरात आम्ही तिघंच. मी, आप्पा आणि माझी दुसरीतली मुलगी.

पगार झाला की दोन तारखेला आप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून मशीनवर जायचे. गुप्त नंबराचे चार आकडे त्यांना पाठ होते. घरखर्चाचे पैसे काढायचे, आतच दोनदा मोजायचे, मग बाहेर यायचे. घरी आल्यावर पैसे आणि कार्ड माझ्या हातात द्यायचे आणि मशीननं दिलेली चिठ्ठी खिळ्यावर टांगलेल्या तारेला टोचून ठेवायचे. दुकानातली सवय होती. मशीनचं त्यांना मोठं कौतुक. "ना तोंड बघतंय, ना जात इचारतंय," असं ते शेजाऱ्यांना सांगायचे.

बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र कित्येक महिने बंद होतं. दिवाळीनंतर ते सुरू झालं तेव्हा मी मधल्या सुटीत जाऊन पासबुक छापून घेतलं आणि कचेरीत परत येऊन टेबलावर उघडलं. दोन तारखेच्या नोंदी बरोबर होत्या. त्यांच्याखाली दर महिन्याला सात तारखेला आणखी एक नोंद होती. इंग्रजीत 'कार्ड' एवढाच शब्द आणि शंभर रुपये. मार्चपासून दर महिन्याला. शेवटच्या तीन महिन्यांत तर सात तारखेला दोन-दोन वेळा शंभर.

मी पेन्सिल घेतली आणि एकेका नोंदीपुढं बारीक खूण करत गेले. बारा खुणा झाल्या.

बाराशे रुपये तेव्हा आम्हाला थोडे नव्हते. पण खरं सांगायचं तर रकमेनं मी घाबरले नाही. कार्ड आणि आकडे माहीत असलेलं माणूस माझ्याशिवाय एकच होतं, म्हणून घाबरले. कार्ड कपाटात असायचं, कपाटाची किल्ली देवळीत. दिवसभर घरी आप्पा एकटे.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. त्याच मॅडम होत्या. त्यांनी पासबुक पाहिलं आणि परत माझ्याकडं सरकवलं.

"मशीन आपोआप पैसे घेत नाही, ताई. कार्ड कुणाकडं असतं?"

"घरी."

"नंबर आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या वडिलांना."

त्या थोडं हसल्या. "मग घरीच विचारा. आमच्याकडं अशा लई केसेस येतात. म्हातारी माणसं असतात, त्यांना हातखर्च लागतो, मागायची लाज वाटते."

मागं रांग होती. मी बाजूला झाले.

त्या दिवसापासून मी आप्पांकडं पाहायला लागले. आधी पाहत नव्हते असं नाही, पण हे पाहणं वेगळं होतं. भाजी आणली की मी पिशवीत हात घालून मनात हिशोब करायची. एका गुरुवारी त्यांनी नातीला पेढे आणले. पैसे कुठले? मग आठवलं, दुकान विकल्याचे थोडे पैसे वडगावच्या पोस्टात आहेत, त्याचं व्याज येतं. पण व्याज किती येतं हे मी कधी विचारलं नव्हतं. एकदा ते जेवताना म्हणाले, "जरा बसस्टँडवर जाऊन येतो," आणि मी विचारलं, "कशाला?" त्यांचा घास हातातच राहिला. लग्नाआधी किंवा नंतर, मी त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. "वडगावची गाडी येती. कोण वळखीचं उतरतंय का बघतो," ते म्हणाले. त्या दिवशी ते गेलेच नाहीत.

मालक सुटीवर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. पासबुक पाहून ते म्हणाले, "जाऊ दे ना. म्हातारा माणूस आहे. शंभर रुपयानं काय होतंय आपलं? विचारू नको, त्यांना वाईट वाटंल."

ते चांगल्या मनानंच बोलले. पण मला ते लागलं. आप्पांनी पैसे घेतले हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. माफही करून टाकलं होतं. मला वाटलं होतं की ते म्हणतील, छे, आप्पा असं करणार नाहीत. ते म्हणाले असते तर मलाही म्हणता आलं असतं. एवढ्या दिवसांत ते वाक्य मी माझं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

डिसेंबरची दोन तारीख आली. आप्पा सकाळीच आंघोळ करून धोतर नेसून तयार झाले. मी कपाटातून कार्ड काढलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

"राहू द्या आप्पा," मी म्हटलं. "आज मी कचेरीतून येताना काढते."

ते उंबऱ्याजवळ उभे होते. टोपी हातात होती.

"बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी मी पैसे घेऊन घरी आले. मुलगी शेजारी खेळायला गेलेली. आप्पा खाटेवर बसले होते. चिठ्ठ्यांची तार खिळ्यावरून काढून त्यांनी शेजारी ठेवली होती. मी चप्पल काढायच्या आत ते म्हणाले, "बाई, पासबुक दाव."

"कशाला?"

"दाव तर खरं."

मी उभीच राहिले. ते शांतपणे बोलत होते. "दुकानात एखाद्या गड्यावर संशय आला ना, तर मी त्याला काई बोलायचो न्हाई. गल्ल्यावरनं उठवायचो. म्हणायचो, राहू दे, आज मी बसतो. तू सकाळी तसंच म्हणलीस."

मी पासबुक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. माझ्या पेन्सिलच्या खुणांवरून त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं. एकेका खुणेवर ते थांबत होते.

"किती दिस झाले हे तुला माईत होऊन?"

"तीन आठवडे."

त्यांनी मान हलवली. तार उचलून चिठ्ठ्या पाहिल्या आणि परत ठेवल्या. "ह्याच्यात सात तारखेची चिठ्ठी न्हाई. पर त्याला काय अर्थ न्हाई, चोर चिठ्ठी फाडून टाकल. चिठ्ठीवर शिल्लक बी छापून येती, मी कधी बगितली न्हाई. लेकीच्या शिलकीकडं बघू नये म्हणून." मग त्यांनी पासबुक माझ्यापुढं धरलं. बोट मे महिन्याच्या खुणेवर होतं. "ही तारीख बघ. सात मे. त्या दिवशी आपुन कुठं व्हतो?"

मला आठवेना.

"चुलत्याच्या पोरीचं लगीन. वडगावला. सहा तारखेला गेलतो, नऊला आलो. तू, मी, पोरगी, जावई बी. कार्ड तुझ्या पर्समदी व्हतं, कारण आहेराचं पाकीट काढताना ते खाली पडलं आन् मीच उचलून दिलं. वडगावला कुठाय मशीन?"

मी त्या तारखेकडं पाहत राहिले. माझ्या पेन्सिलची खूण तिच्यापुढं होती. तीन आठवडे ती तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी लग्न विसरले होते. दुसरं काहीही आठवायला मी तयारच नव्हते.

"आप्पा," मी म्हटलं. मी पदर डोळ्यांना लावला.

"रडू नको. उद्या सुटी टाक. बँकेत जाऊ."

सकाळी बँक उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. काउंटरवर न थांबता आप्पा सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले. मॅनेजर सोलापूरकडचे होते, घाईत होते. "मशीनवर पैसे निघाले म्हणजे कार्ड वापरलं गेलं," असं तेही म्हणाले. आप्पांनी मे महिन्याची गोष्ट सांगितली. मॅनेजर म्हणाले, बघतो, आठ दिवसांनी या.

"आमी बसतो," आप्पा म्हणाले.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. मॅडम काउंटरवरून आमच्याकडं पाहायच्या आणि मान खाली घालायच्या. आप्पा हलले नाहीत, पाणी प्यायलाही उठले नाहीत. एकच्या सुमारास मॅनेजरनी संगणकावर काहीतरी पाहिलं, शिपायाला फाईल आणायला सांगितलं आणि आम्हाला आत बोलावलं. आता त्यांचा आवाज बदलला होता.

हे पैसे मशीनवर निघालेच नव्हते. कार्डासोबत अपघात विम्याची एक योजना होती, म्हणून नोंदीत 'कार्ड' छापलं जायचं; तिचा हप्ता दर सात तारखेला खात्यातून परस्पर कापला जात होता. नंतर तसलीच दुसरी योजना जोडली गेली, म्हणून शेवटी दोन-दोन कपाती. "फॉर्मवर तुमची सही आहे," म्हणत त्यांनी कागद पुढं केला.

मी पुन्हा घाबरले. फुल्या जिथं होत्या तिथं मी न वाचता सह्या केल्या होत्या. हीही माझीच सही असेल तर? मी कागद जवळ ओढला. सही इंग्रजीत होती. मी सही मराठीत करते, आडनावासकट, शाळेपासून. आप्पांनीच पाटीवर गिरवून घेतलेली.

"ही माझी नाही," मी म्हटलं.

मॅनेजरनी खात्याचा मूळ कागद काढून शेजारी ठेवला. बराच वेळ ते दोन्हींकडं पाहत होते. मग त्यांनी बेल वाजवून मॅडमना बोलावलं. फॉर्मच्या खाली कर्मचाऱ्याच्या जागी त्यांचा नंबर होता.

मॅडम दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी नाकारलं नाही. "महिन्याला विम्याचे वीस फॉर्म भरून मागतात, सर," त्या मॅनेजरना म्हणाल्या, "तुम्हाला तर माहीत आहे." मॅनेजरनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. मॅडमनी मला घरी विचारायला सांगितलं तेव्हा त्यांना हे आठवत होतं का, की इतक्या फॉर्ममध्ये माझा फॉर्म त्या विसरून गेल्या होत्या, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारायला हवं होतं. त्या वेळी मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

"पैसे परत जमा करतो," मॅनेजर म्हणाले. "विषय संपवू."

"लिहून द्या," आप्पा म्हणाले.

"काका, पैसे मिळाल्यावर लिहून कशाला पाहिजे?"

"पैसे आले का न्हाई ते पासबुकात दिसंल. ते कुणी काढले न्हाईत, कार्ड कुणी वापरलं न्हाई, एवढं लिहून द्या. शिक्क्यासकट."

मॅनेजरनी बरीच टाळाटाळ केली. शेवटी चार ओळी लिहून, सही-शिक्का मारून कागद आप्पांपुढं ठेवला. आप्पांनी तो हातात घेतला नाही. माझ्याकडं बोट केलं. "तिला द्या. तिच्यासाठीच हाय."

मला वाटलं होतं की पुढं तक्रार करायची म्हणून ते कागद मागतायत. मॅनेजरसमोर मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला तेव्हा माझ्या कानांच्या पाळ्या जळत होत्या.

पंधरा दिवसांत पैसे परत आले. माझ्या कचेरीतल्या आणखी चौघांच्या पासबुकात तसल्याच नोंदी सापडल्या, त्यांचेही मिळाले. मॅडमची बदली झाली म्हणे. मालकांना मी तो कागद दाखवला. ते ओशाळले, पुढच्या सुटीत आप्पांसाठी कड्याहून ताजा गूळ घेऊन आले. आप्पांनी तो गोड मानून घेतला. जावयाचा त्यांना राग नव्हता.

संक्रांत झाल्यावर ते म्हणाले, "जरा वडगावला जाऊन येतो." मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायला वेळ होता. मी मान खाली घालून म्हटलं, "आप्पा, माझं चुकलं."

त्यांनी समोरच्या गाड्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "इचारायचं व्हतंस. मी लई रागावलो असतो. दोन दिस जेवलो बी नसतो. पर मग झालं असतं ते. तू इचारलं न्हाईस, आन् मी तीन आठवडे तुझ्या घरी चोर म्हणून जेवत व्हतो, ते बी मला ठाऊक न्हाई."

गाडी लागली. ते चढले, खिडकीत बसले आणि "पोरीच्या शाळंचं बघ," एवढं म्हणाले.

दीड महिन्यानं ते परत आले, नातीची परीक्षा होती म्हणून. त्यानंतर आठ वर्षं ते माझ्याकडं होते आणि माझ्याकडंच गेले. नातीला सोडणं, भाजी, दळण, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. पहिल्या दोन तारखेला मी कार्ड त्यांच्यापुढं धरलं. "आता पाय दुखत्यात," ते म्हणाले, "तूच जा." रोज संध्याकाळी ते कंकालेश्वराच्या देवळात चालत जायचे आणि चालतच यायचे. मी पुन्हा दोनदा-तीनदा कार्ड पुढं करून पाहिलं. दर वेळी पायांचंच कारण दिलं. मग मी विचारायचं सोडून दिलं.