जानेफळचे लोखंड आणि लोणारचा फेस

मलकापूर स्टेशनात उतरलो तेव्हा बापूरावाची जीप दिसण्याआधी ऐकू आली. बापूराव हा माझ्या अमडापूरच्या बहिणीचा मुलगा. लढाई संपल्यावर पलटणीच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतली एक त्याने उचलली. चारही चाकांना इंजिनाची ओढ असल्यामुळे ती चिखल म्हणत नाही, चढ म्हणत नाही. पण त्या सकाळी ती आवारात शिरली ती भांड्यांचे गाठोडे जिन्यावरून गडगडावे तशी.

हमालाने माझी वळकटी मागे टाकली आणि हसत म्हणाला, "जानेफळचं लोखंड बसवलं वाट्टे, मालक! लोण्यापरीस मऊ!"

ते वाक्य माझे होते. गेल्या वर्षी याच मासिकात लोणारच्या प्रवासाबद्दल लिहिताना मी ते लिहिले. जीप ज्या पोलादी पट्ट्यांवर तोललेली असते त्यांना कमानी म्हणतात. त्या ज्या खिळ्यांवर डोलतात ते खिळे आणि त्यांभोवतीच्या नळ्या मूळच्या झिजल्या होत्या. नव्या नागपुरातही मिळेनात, म्हणून बापूरावाने त्या जानेफळच्या नारायण लोहाराकडून घडवून घेतल्या. त्याही थोड्याच दिवसांत झिजल्या, मेहकरच्या उतारावर गाडी कलंडली आणि माझा चष्मा फुटला. त्या रागात मी लिहून मोकळा झालो, 'जानेफळचे लोखंड लोण्यापरीस मऊ.' वाचकांना ते आवडले. हमालाच्या तोंडून ऐकताना, खोटे कशाला बोलू, मलाही गुदगुल्या झाल्या.

या खेपेची हकीकत ऐकून संपादक म्हणाले, "चार ओळींत दुरुस्ती छापू, एवढा प्रपंच कशाला?" मी मानले नाही. चूक प्रवासवर्णनात केली, तेव्हा दुरुस्तीही प्रवासवर्णनातच होईल, तेवढीच जागा अडवून.

राजूरचा घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली आणि तिथून अमडापूर. चैत्र संपत आला होता. काळी राने भेगाळून उघडी पडली होती. बहिणीने कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि मिरचीचा ठेचा वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलेले पाहून तिला माहेर आठवले, असे ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणारला निघालो. सरोवरातून उन्हाळ्यात खार काढतात, आपल्या पापडांत पडतो तोच. त्याचा मक्ता बापूरावाकडे आहे आणि जीप थेट तळाशी नेणारा तो पहिलाच, हा त्याचा अभिमान. वाटेत नवे खिळे घ्यायला जानेफळला थांबलो.

लिंबाखाली भट्टी होती. नारायण सांडशीत तापले लोखंड धरून बसला होता आणि समोर उभी राहून त्याची बायको गंगूबाई घण घालत होती. चाळिशीची, सडपातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला.

"झाले का खिळे?" बापूरावाने गाडीतूनच विचारले.

"झाले नं. तिसऱ्या खेपेचे, अन् तेबी फुकट," गंगूबाईने घण खाली टेकवला. "अन् हे कोन? गेल्या सालचे मास्तर नव्हेत? ज्याह्यनं आमाले कागदात छापलं?"

मी मान हलवली.

"बरं झालं आले. बसा. उभ्यानं काऊन ऐकता?"

मी बसलो आणि ऐकले. माझे मासिक गावच्या शाळामास्तरांनी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवले होते. सारे गाव हसले. तेव्हापासून लोक चाकाची धाव (लोखंडी पट्टी) चढवायला मेहकर गाठू लागले.

"नांगराचा फाळ घेऊन सुदिक कोनी येत नाई. पोट्टे (पोरे) भट्टीपुढून जातात तं 'लोनी द्या वं गंगूबाई' म्हून वरडतात. तुमचं हसनं झालं, मास्तर. आमची भट्टी इझून राह्यली."

नारायण इतकेच म्हणाला, "लोखंड चांगलं हाये. काऊन झिजते, थे मलेबी समजून नाई राह्यलं."

"त्याह्यले इचारा नं," गंगूबाईने माझ्याकडे बोट केले. "त्याह्यले ठाऊक असंन. उगाच छापलं काय?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मान खाली घालावी आणि कारण फक्त त्याच्या पुढ्यातल्या बाईला ठाऊक असावे, हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही.

नारायणाने खिळे ठोकून बसवले. आम्ही निघणार तोच गंगूबाई मागच्या बाजूने गाडीत चढली.

"मीबी येऊन राह्यली. माह्यं लोखंड जाते कुठी, थे पाहू द्या मले."

"ही मालाची गाडी हाये, बाई," बापूराव म्हणाला.

"मंग मीबी मालच समजा. हाना गाडी."

मेहकरच्या पुढे सुलतानपूरला आंब्याच्या सावलीत शिदोरी सोडली. नव्या खिळ्यांनी गाडी मुकाट चालत होती. "आईका, कशी चूप हाये माही पोरगी," गंगूबाई भाकरी मोडत म्हणाली. पोरगी म्हणजे कमान.

लोणारचे सरोवर लांबून दिसत नाही. सपाट रानात एकाएकी जमीन संपते आणि खाली खोल वाटोळ्या परातीत हिरवे पाणी. काठाला पांढऱ्या खाराची किनार, भोवती झाडी, झाडीत मोडकी देवळे, कुठेतरी मोर. वास मात्र नासक्या अंड्यांचा.

उतरण्याआधी बापूरावाने एक डबा काढला आणि काडीने काळे वंगण प्रत्येक खिळ्याला चोपडले. "दरवेळी घालतो, मामा. हयगय नाही करत."

"कसलं आहे?"

"एरंडीचं तेल, काजळी घालून. बैलगाडीच्या आसाले आमचे बाप-आजे हेच घालत आले. हिले काऊन नाई चालणार? ग्रीसचा डबा आणायले खामगावले कोन जाते?"

गाडी दगडांवरून डुलत तळाशी उतरली. मजुरांनी खाराची पोती भरून ठेवली होती. ती चढवायला सोपे जावे म्हणून बापूरावाने जीप थेट चिखलात घातली, निम्मी चाके बुडेपर्यंत. गंगूबाई काठावरून टक लावून पाहत होती. मीही पाहावे म्हणून वाकलो आणि धोतराचा सोगा नेमका वंगणाला लागला.

धोतर नवे होते. मी चरफडत सरोवराच्या पाण्यात सोगा बुचकळला आणि दगडावर घासला. पांढरा फेस आला. आणखी घासला, तर आणखी फेस. वंगणातली काजळी तेवढी पुसट उरली, तेलाचा मागमूसही नाही.

"अहो, निघाला की डाग!" मी आनंदाने ओरडलो.

गंगूबाई माझ्या धोतराकडे पाहत राहिली. मग चिखलात उतरली, खिळ्याजवळचे वंगण बोटावर घेतले आणि त्याच पाण्यात तळहातावर चोळले. तळहात फेसाने भरला.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तेल आणि खार एकत्र आले की साबण होतो. मी शाळेत जन्मभर हेच शिकवले होते. चिखलातून निघालेली गाडी पुढे मेहकरला पैनगंगेतून जायची. तिथे तो साबण धुऊन जायचा आणि लोखंडावर लोखंड, मध्ये खार आणि वाळू, अशी ती अमडापूरपर्यंत घासत जायची. मूळचे पलटणीचे खिळेही याच वाटेवर झिजले होते, हे मला तेव्हा उमगले. जगातले कोणते पोलाद याला पुरले असते?

"म्हंजे वर्सभर तुमी माह्या लोखंडाले साबन लावून राह्यले!" गंगूबाई बापूरावावर उखडली. "आंघोळ घालत होते का त्याले?"

बापूराव पोत्यावर बसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, हे लिहायचं नाही. सारा तालुका हसेल, बापूरावानं गाडीले साबण लावला म्हणून."

"हसू देत. वर्षभर दुसऱ्याला हसलेच ना?"

"ते लोहार हायेत. मी तुमचा भाचा हाये."

"म्हणूनच लिहिणार. परका असतास तर कदाचित गप्प बसलो असतो."

"मंग माह्या गाडीत बसू नका."

"नाही बसत," मी म्हणालो आणि वळकटी उचलली.

ती चढण माझ्या गुडघ्यांना अजून आठवते. अर्ध्या वाटेवर गंगूबाईने वळकटी माझ्या हातून ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. "दया नाई हे," तिने बजावले. "तुमी इथंच मेले तं जानेफळात खरं कोन सांगंन?" माझ्या हातात राहिला पुराव्यासाठी सरोवराच्या पाण्याने भरून घेतलेला तांब्या. काठावरच्या 'धार' नावाच्या गोड झऱ्यापाशी तोंड धुतले, धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी दमणी (हलकी बैलगाडी) मिळाली. तिच्या आसालाही एरंडीचेच वंगण होते आणि ती कुरकुरत नव्हती. ती कधी सरोवरात उतरली नव्हती.

जानेफळला पोचलो तो बाजाराचा दिवस. मी दमणीतच उभा राहिलो आणि हाका मारून लोक गोळा केले. तेल्याकडून एरंडीचे तेल मागून घेतले, हातावर सरोवराचे पाणी ओतले आणि चोळून फेस काढून दाखवला. दोष लोखंडाचा नव्हता, वंगणाचा होता आणि ते वंगण माझ्या भाच्याचे होते, हे नाव घेऊन सांगितले.

"मास्तर, चष्मा पुसा!" कोणीतरी ओरडले. हशा झाला.

मग कांद्याच्या ढिगामागून एक म्हातारा शेतकरी उठला. "मंग तवा न पाहताच लिवलं का हो?"

"हो," मी म्हणालो. "न पाहताच लिहिलं."

हशा थांबला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि आपली गाडी वळवून लिंबाकडे नेली. त्याच्या एका चाकाची धाव ढिली झाली होती. त्याच्यामागे दुसरे कोणी गेले नाही. लांबून एका पोराने आरोळी दिलीच, "लोनी द्या वं!" गंगूबाईने घण उचलला. "ये नं राज्या, गरम गरम वाढते!"

निघताना मी तिची माफी मागितली.

"माफ-गिफ मले समजत नाई," ती म्हणाली. "छापून पाठवजा. अन् त्याच मास्तरले सांगजा चावडीवर वाचायले. तवा वाचलं होतं तितक्याच मोठ्यानं."

सर्व्हिस मोटारीने मलकापूरला आलो. तोच हमाल होता. "जीप कुठी गेली मालक? लोनी इतळलं का?" त्याला सगळे पुन्हा सांगू लागलो, तोवर गाडी आली आणि मला डब्यात चढवून तो दुसऱ्या ओझ्याकडे धावला. वाक्य पसरायला वर्ष लागले नाही. ते परत गोळा करायला माझे उरलेले आयुष्य पुरेल असे वाटत नाही. बहिणीचे पत्र येणे बंद झाले आहे. तरी इथे लिहिले त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

जानेफळच्या शाळामास्तरांना, ज्यांना मी पाहिलेलेही नाही, माझी विनंती आहे. चावडी भट्टीपासून फार लांब नाही. जरा आवाज चढवून वाचा.