बोंबलांचा वास

सून सुके बोंबील भाजू लागली की मला अलिबागची ती मे महिन्यातली दुपार आठवते. तीसच्या दशकात मी मुंबईच्या कॉलेजात शिकवायचो आणि विद्यापीठाचे पेपर सुट्टीत घरी तपासायचो. एका पेपरात अक्षर ओबडधोबड, पण उत्तरं फार सुरेख होती. संशयाने मी कागद नाकाशी नेला. बोंबलांचा वास! कोळ्याच्या पोराला असलं इंग्रजी कुठून येणार? नक्कलच ही, म्हणून मी त्याला नापास केलं.

गुण टपालात टाकून आलो, तर बायको म्हणाली, "अहो, मांजराच्या भीतीने परवा बोंबलांची टोपली तुमच्या गठ्ठ्यावर ठेवली होती. वास नाही ना लागला?"

मी बाकीचे पेपर हुंगले. सगळ्यांना तोच वास होता.

चूक कळवायला एक कार्ड पुरलं असतं. पण मग पैसे खाऊन गुण वाढवतोय, असा विद्यापीठाला माझ्यावरच संशय आला असता, म्हणून मी गप्प बसलो.